पाणी न प्यायलेले टायर

दिनांक १० मे २०२५, वार शनिवार. धुळाप्पांनी चार टायरांचे एक्केचाळीस हजार सहाशे रुपये मोजले आणि दुकानातून बाहेर पडताना माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"सायेब, असला भोळा दुकानदार मी बघितला न्हाय. मी इकत घेतोय का कापून नेतोय तेच त्याला कळंना."

मी चष्मा वर सारला आणि मान हलवली. दोन दिवसांनी याच वाक्याची आम्हा दोघांनाही लाज वाटणार होती, पण त्या वेळी मीही खुशीत होतो. मागितलेल्या भावापेक्षा छप्पन्नशे रुपये कमी पडले होते.

धुळाप्पा माझे शेजारी. जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली आणि येत्या मार्चला निवृत्त होईन. त्यांनी त्याहून जास्त वर्षं मेंढ्यांच्या बाजारात काढली आणि निवृत्तीचा विचार त्यांच्या मनाला शिवलेला नाही. मूळचे सांगोल्याकडचे. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पटका आणि खांद्यावर एक जाडजूड टॉवेल. त्रेचाळीस अंशांतही तो टॉवेल खांद्यावरून उतरत नाही, कारण तो घाम पुसायचा टॉवेल नसून धंद्याचं हत्यार आहे. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि आजूबाजूच्या शंभर माणसांना पत्ता लागत नाही. हात बाहेर आले की व्यवहार संपला. त्यानंतर शब्द फिरवायचा नाही. धुळाप्पांनी चाळीस वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, आणि हे ते दर चार दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगत असत.

दुसरी त्यांची ख्याती दातांची. मेंढ्याचा ओठ वर केला की वय सांगणार. दोन दात, चार दात, पूर्ण तोंड. लांबलांबचे लोक त्यांना खरेदीला सोबत नेत. "धुळाप्पानं तोंड बघितलंय" म्हटलं की पुढं कोणी वाद घालत नसे.

चार वर्षांपूर्वी त्यांनी पोपटनाकाचा, माडग्याळ जातीचा एक मेंढा साडेतेरा लाखांना विकला. त्या मेंढ्याचा फोटो त्यांच्या बैठकीत आहे आणि तो त्यांच्या लग्नाच्या फोटोहून मोठा आहे. या गोष्टीवर म्हाळसाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, आजही अधूनमधून बोलतात. त्या पैशातून त्यांनी मुलीसाठी गाडी घेतली. गाडी घेताना लोक विचारतात की लिटरला किती जाते. धुळाप्पांनी फक्त "ताकद किती?" एवढंच विचारलं. जुन्या गाड्यांचा दलाल म्हणाला, एकशेऐंशी घोडे. "हीच बांधा," असं म्हणून त्यांनी टॉवेल काढला.

मुलगी ऋतुजा जनावरांची डॉक्टर. नेमणूक माढा तालुक्यात. रोज सकाळी मोहोळवरून जायचं, संध्याकाळी परत यायचं. जाऊन-येऊन एकशेचाळीस किलोमीटर. पोरगी गाडी सुरेख चालवते. पण एप्रिलच्या शेवटी माढ्याला जाताना मोहोळच्या अलीकडे वळवाची एक सर आली, तापलेल्या डांबरावर पाणी पडलं, आणि गाडी ब्रेक लावताच गर्रकन फिरून तोंड सोलापूरकडे करून उभी राहिली. मागे-पुढे कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

"गाडीला सुद्दा घरची वड हाय," धुळाप्पा हसत म्हणाले.

म्हाळसाबाई हसल्या नाहीत. "त्या गाडीत पोरगी बसायची न्हाय. माढ्याला खोली बघितलीया मी. बारा तारकंला सामान जाईल."

ऋतुजाचं म्हणणं वेगळं होतं. गाडी चांगली आहे, टायर झिजून गोटा झालेत. टायर बदलले तर खोलीची गरज नाही. म्हाळसाबाईंनी बरीच घासाघीस करून एवढं कबूल केलं की बारा तारखेला पोरीनं स्वतः टायर बघून "आता भीती नाही" असं सांगितलं, तर खोली रद्द.

त्या संध्याकाळी धुळाप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले. हसणं घरी ठेवून आले होते.

"सायेब, येकदा खोली घेतली की पोरगी शनिवारी येनार. मग म्हयन्यानं येनार. मग फोन करनार. मला ठावं हाय. कोकरू येकदा दुसऱ्या कळपात बसलं की वळत न्हाय."

म्हणून टायर. ऋतुजाला लसीकरणाच्या मोहिमेमुळे सुट्टी नव्हती. शनिवारी ती एस.टी.नं गेली, गाडी ठेवली, आणि मला एक कागद दिला: टायरचं माप, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर, आणि खाली एक ओळ, "बारमाही, पण जोरदार गाडीचे." पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरानं गाडी आम्हाला दुकानापर्यंत नेऊन दिली. धुळाप्पा पुढच्या सीटवर घोंगडी अंथरून, पाय वर घेऊन बसले होते.

दुकान होटगी रस्त्याला. मालक गुरुशांत, वय पस्तीस-छत्तीस, अक्कलकोटकडचा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यानं कागद वाचला आणि तीन टायर काढून ओळीनं उभे केले.

"बघा मामा. हा पहिला मऊ. रस्त्याला असा धरतो की डिंक. पण पंचवीस हजार किलोमीटरमध्ये खलास."

मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. महिन्याला पस्तीसशे किलोमीटर. वर्ष सरायच्या आधी हा संपेल. "पुढचा," मी म्हणालो.

"हा दुसरा कडक. साठ हजार कुठं गेले नाहीत. गाडीत आवाज नाही. पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर..." त्यानं तळहात हवेत सरकवला.

"तसला हाय की आमच्याकडं. फुकट. पुढचा," धुळाप्पा म्हणाले.

तिसरा मधला होता. नक्षी रुंद, मधून चार खोल चर, पाणी बाजूला फेकायला. कडा जाड, म्हणजे वळणावर गाडी झुकत नाही. रबर असं की उन्हात पिठासारखं होत नाही आणि पावसात बिचकत नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार जाणार.

"याच्यावर वेगाचं अक्षर मोठं आहे," मी कागदाशी ताडून म्हणालो. "दोनशे सत्तर लिहिलंय. आपल्याला एवढं काय करायचंय?"

"साहेब, वेग पळायला नाही ओ, तापायला. जो टायर दोनशे सत्तरची उष्णता सोसतो, तो आपल्या मे महिन्यात ऐंशीनं आरामात जातो. सोलापूरला टायर घेताना पाऊस नंतर बघायचा, ऊन आधी."

हे धुळाप्पांना फार पटलं. त्यांनी टायरच्या चरांत बोटं घातली, अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, वास घेतला. मग बाजूला कोरलेल्या चार आकड्यांवर त्यांचं बोट थांबलं. ०८२५.

"ह्ये काय?"

"ते जन्माचं, मामा. पंचवीस सालचा आठवा आठवडा."

धुळाप्पांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं मेंढ्यांची तोंडं उघडलेल्या माणसाला टायरचंही तोंड सापडलं होतं.

"म्हंजी दात! आरं, मग आदी सांगायचं न्हाय का?" ते उठले आणि दुकानभर हिंडून आकडे वाचू लागले. वरच्या फळीवर त्याच नक्षीचे, त्याच मापाचे चार टायर धूळ खात होते. त्यांच्यावर ३१२०.

"ह्ये?"

"ते वीस सालचे," गुरुशांत म्हणाला. "एकतिसावा आठवडा. पण मामा..."

"म्हंजी चार वरसाच्या वर. पूर्ण तोंड!" धुळाप्पा माझ्याकडे वळले. "सायेब, ही खालची कोकरं. तीन म्हयन्याचं कोकरू कोन कामाला लावतं का? टिकंल का जाईल, कुनाला म्हाईत? त्ये वरचं बघा, पाच उन्हाळं पचवून बसल्यात. अंगावर येक चीर न्हाय."

गुरुशांतनं तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्याकडे बघितलं. टायरच्या वयातलं मला काहीही कळत नव्हतं. आठवडा आणि साल ही मी नुसती माल-नोंद समजत होतो. गुरुशांतनं जे करायचं ते केलं: शिडी आणली.

आणि धुळाप्पांनी टॉवेल काढला.

मला वाटलं, शहरातला दुकानदार गोंधळेल. पण गुरुशांतच्या घरी एके काळी बैलांचा व्यापार होता. त्यानं बाही वर केली आणि हात टॉवेलाखाली घातला. दोघांचे चेहरे दगडासारखे. टॉवेल तेवढा आतून उंदीर फिरावेत तसा हलत होता. टायर बसवून घ्यायला आलेला एक रिक्षावाला तोंडात गुटखा तसाच धरून बघत राहिला. हात बाहेर आले तेव्हा एका टायरमागे अकरा हजार आठशेचे दहा हजार चारशे झाले होते.

संध्याकाळी सातला ऋतुजा स्टँडवरून रिक्षानं आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून चाकापाशी उकिडवी बसली. मोबाइलचा उजेड टायरवर धरला. आम्ही दोघं शाबासकीची वाट बघत उभे होतो.

"आप्पा, हे टायर जन्मले तेव्हा मी कॉलेजात होते."

"मग! तुज्याच बरूबरीचं म्हन की," धुळाप्पा अभिमानानं म्हणाले.

तिनं कपाळाला हात लावला. मग उठून, चिडता न येणाऱ्या माणसाच्या आवाजात तिनं समजावलं. रबर ठेवल्या जागी सुकतं. पाच उन्हाळे पत्र्याखाली काढलेलं रबर दिसायला नवं, पण आतून कडक. कोरड्यावर चालेल, ओल्यावर सरकेल. "आप्पा, मेंढ्याला वर्षागणिक दात येतात. टायरचे जातात."

ओट्यावर म्हाळसाबाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या. माढ्याला न्यायच्या पेटीत दोन पातेली ठेवल्याचा आवाज बाहेर आला.

"परत द्या की मग," मी म्हणालो.

धुळाप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना पटका विकायला सांगत होतो. "टावेलाखालचा सौदा हाय, सायेब."

"मग दुसरे घ्या."

"अजून सत्तेचाळीस हजार?" ऋतुजा म्हणाली. "मी घेऊ देणार नाही. तीन महिन्यांनी माझ्या पगारातून बघू. तोवर खोली घेते. आप्पा, तीन महिनेच की."

तीन महिन्यांचा धुळाप्पांचा हिशेब मला माहीत होता.

रविवारी सकाळी मी पेपर आणायला बाहेर पडलो, तर गाडीच्या चारही चाकांना खताच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून सुतळीनं आवळलेल्या होत्या, आणि धुळाप्पा काठी घेऊन राखणीला बसले होते.

"बाजाराचा येक रिवाज हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जनावर नेलं, आनि घरचं पानी प्यायच्या आदी खोड दिसली, तर सौदा मोडता येतो. शब्द फिरला असं हुत न्हाय. पानी प्यायलं की मातुर आपलं झालं. दुकान उद्या उघडंल. तवर ह्यांना थेंब लागू द्यायचा न्हाय."

"टायर पाणी पितात?"

"म्हनून तर सोपं हाय की!"

पण सोपं नव्हतं. समोरच्या शरणम्मा रोज उन्हं कलली की पाइप घेऊन अंगण आणि अर्धा रस्ता भिजवतात. धुळाप्पांनी त्यांना सकाळीच हात जोडून सांगितलं की आज आमच्या बाजूला नको.

"का ओ? गाडीला ताप आलाय का?"

"व्हय. पथ्यावर हाय."

त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या. पण त्यांचा कुत्रा ऐकणाऱ्यांतला नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला धुळाप्पांचा डोळा लागला असताना तो आला, मागच्या डाव्या चाकाची सैल पिशवी हुंगली आणि पाय वर केला. धुळाप्पांची आरोळी ऐकून मी जेवणाच्या ताटावरून उठून धावलो.

"सायेब, आता तुमीच सांगा! तुमी शिकल्याली मान्सं. ह्ये पानी धरायचं का न्हाय?"

मी पिशवी सोडून पाहणी केली. रबराच्या कडेला दोन बोटं ओल होती. जन्मभर पावत्या तपासलेला माणूस मी. विचारपूर्वक निकाल दिला. "रिवाजात घरचं पाणी म्हटलंय. कुत्रा शरणम्मांचा. तेव्हा हे घरचं नाही. शिवाय टायरनं ते मागितलं नव्हतं."

"ल्हिऊन द्याल का?"

"देईन."

चार वाजता आभाळ भरून आलं. ऋतुजाला खिडकीतून दिसलं की तिचा बाप रस्त्यावर एकटाच एकशेऐंशी घोडे मागून ढकलतोय. ती हसत, ओढणी कमरेला खोचत बाहेर आली, आणि तिनं गाडी चालवत माझ्या पोर्चमध्ये आणली. जागा व्हावी म्हणून धुळाप्पांनी माझी स्कूटर बाहेर काढून ठेवली. पाऊस पाचच मिनिटं पडला. स्कूटर ओली झाली. टायर कोरडे राहिले.

सोमवारी सकाळी साडेआठला आम्ही दुकानासमोर. ऋतुजा स्टिअरिंगवर, मी मागे. कामावर अकराला पोचायचं होतं म्हणून ती निघायच्या तयारीतच आली होती: टायर परत गेले तर याच गाडीतून, नाहीतर गाडी तिथंच ठेवून एस.टी.नं, आणि संध्याकाळी मुक्काम माढ्याला. म्हाळसाबाईंची पेटी डिकीत होती.

गुरुशांतनं चारही पिशव्या बघितल्या आणि हसू आवरलं. धुळाप्पांनी रिवाज सांगितला. तो म्हणाला, "मामा, जनावर वेगळं, टायर वेगळा. बसवला की संपलं. बिलावर छापलंय बघा."

दाराशी लाकडी बाजेवर त्याचे वडील शंकरप्पा बसले होते. ऐंशीच्या घरात, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आयुष्यभर बैल विकलेला माणूस. इतका वेळ ते चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"नीर कुडदावेनु?" त्यांनी पोराला कानडीत विचारलं आणि मग आमच्याकडे बघून मराठीत, "पाणी प्यायलेत का?"

"येक थेंब न्हाय, आण्णा. सायबांनी ल्हिऊन दिलंय."

शंकरप्पांनी माझा कागद घेतला, कुत्र्याचा मजकूर दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "बरोबर आहे. पण खोड कुठली?"

"वय, आण्णा. वय जास्त हाय."

"दात बघितले होते?"

गल्ल्यापाशी उभी असलेली दोन-तीन गिऱ्हाइकं जवळ सरकली. मलाही आता रिवाजाची दुसरी बाजू कळली: ज्यानं तोंड उघडून बघितलं, त्याला वयाची तक्रार करता येत नाही. धुळाप्पा नाही म्हणाले असते तर काम झालं असतं. गुरुशांतशिवाय साक्षीदार मीच, आणि मी त्या दिवशी काहीही शपथेवर सांगितलं असतं.

"बघितलं हुतं," धुळाप्पा म्हणाले.

"मग?"

त्यांनी गाडीकडे बघितलं. ऋतुजा काच खाली करून ऐकत होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल उगाच काढला, झटकला, परत ठेवला.

"बघितलं, पर मला कळलं न्हाय, आण्णा. जेवडं वय जास्त तेवडा माल चांगला, असं धरून चाललो. माजं चुकलं."

इतक्या वर्षांच्या शेजारात हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं. शंकरप्पांनी मान डोलावली. मग ती मान हळूहळू पोराकडे वळली.

"तुला कळलं होतं?"

गुरुशांत पान्ह्याशी चाळा करत राहिला. "कळलं होतं, अप्पा. पण त्यांनीच मागितले. मी 'पण मामा' म्हणालो होतो."

"आणि पुढं?"

"पुढं शिडी आणली."

शनिवारचा रिक्षावाला असता तर त्याचा गुटखा गिळला गेला असता. बाकीच्यांनी हसून घेतलं. शंकरप्पा हसले नाहीत. "घेणाऱ्याला कळत नाही आणि विकणाऱ्याला कळतंय, आणि विकणारा गप्प. आमच्या बाजारात असा बैल त्याच दावणीला परत यायचा. काढ."

गुरुशांतनं निमूटपणे जॅक लावला. ०८२५ चे चार टायर बाहेर आले. फरकाचे छप्पन्नशे ऋतुजानं फोनवरून भरले. या वेळी टॉवेल निघाला नाही. चाकं बसत असताना धुळाप्पांचा घसा मोकळा झाला, कारण शंकरप्पांनी आणखी एक कलम काढलं होतं: परत आलेल्या जनावराची वैरण विकणाऱ्यानं द्यायची.

"टायरला वैरण?" गुरुशांत जॅकवरून ओरडला.

"दोन दिस आमच्या दारात हुतं की! राखन केली, पांगरूण घातलं."

"अहो मामा, त्यांनी हवा खाल्ली, ती पण माझीच भरलेली!"

"भरल्याली शनिवारची. रईवारची त्यांनी आमच्या दारातली खाल्ली."

शंकरप्पांनी डोळे मिटून दर ठरवला. एका टायरला दिवसाला पंचवीस. चार टायर, दोन दिवस.

साडेनऊला ऋतुजानं गाडी पुढे-मागे केली, एक ब्रेक मारून बघितला आणि खाली उतरली. डिकीतली पेटी काढून तिनं बापाच्या पायाशी ठेवली. "आईला सांगा, पातेली परत लावून ठेव. भीती नाही." मग परत स्टिअरिंगवर बसून वळण घेत ती माढ्याच्या दिशेला गेली. आम्ही पेटी मध्ये ठेवून रिक्षानं घरी आलो. धुळाप्पा वाटेत एकदाच बोलले. "पोरीनं ऐकलं का वो सगळं?"

"ऐकलं."

"हं," ते म्हणाले आणि पेटीवर हात ठेवून बसले.

संध्याकाळी सहा चाळीसला गाडी दारात लागली. तेव्हापासून रोज लागते आहे. जूनमध्ये पाऊस झाला, मोहोळच्या अलीकडे तसाच ओला रस्ता लागला, गाडी सरळ घरी आली. म्हाळसाबाईंनी माढ्याची खोली दुसऱ्या कोणाला तरी मिळवून दिली.

धुळाप्पा बाजाराला जातात. अलीकडे एखाद्यानं मेंढ्याचं वय विचारलं तर आधी ओठ वर करतात, बघतात, आणि मग विकणाऱ्यालाही विचारतात, "तुमचं काय म्हननं हाय?" लोकांना वाटतं, म्हातारा थकला.

आज ३१ जुलै. गुरुशांतकडून वैरणीचे दोनशे रुपये अजून यायचे आहेत.